गार हवा, ओला गालिचा आणि न बदललेली कूलिंग कॉइल

गाडीचा एसी झकास गार करतोय, पण डाव्या सीटसमोर पायाखाली पाणी साचतंय. अशा वेळी कुणी ‘कूलिंग कॉइल फुटली’ म्हणालं, तर लगेच किल्ली काढून देऊ नका. ही कॉइल म्हणजे डॅशबोर्डाच्या आतला, गॅसनं थंड होऊन हवा गार करणारा भाग. ती फुटली की गॅस जातो, गॅस गेला की गारवा जातो, आणि गारवा गेला की पाणी तयारच होत नाही. गारवा टिकून आहे आणि पाणीही पडतंय, याचा अर्थ कॉइल तिचं काम नीट करते आहे. पाण्याची बाहेर जायची वाट तेवढी बंद झाली आहे.

ही एक गोष्ट माहीत नव्हती म्हणून जुळे सोलापुरातल्या एका निवृत्त शिक्षकांचे मे महिन्यात १५,३०० रुपये गेले. त्यांनी पावती, फोटो सगळं दाखवलं आणि ‘दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत, लिहा’ म्हणाले. तक्रार चालू असल्यामुळे गॅरेजचं नाव इथं देत नाही. पण फसवायची पद्धत काय होती आणि ती कुठं पकडता आली असती, ते सविस्तर सांगतो.

गाडी सात वर्षांची, छोटी हॅचबॅक. दारातल्या कडुनिंबाखाली उभी असते, वापर कमी. मे महिन्यात वळवाचा पाऊस होऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी सर घरच्यांना घेऊन पंढरपूरला जाऊन आले. परतताना मोहोळ सोडल्यावर ब्रेक लावला की डॅशबोर्डाच्या आतून घागरीत पाणी हिंदकळावं तसा आवाज यायला लागला. पुढं एका उजव्या वळणावर काकूंच्या पायावर गार पाण्याची धारच आली. घरी येऊन रबरी मॅट उचलली तर खालचा गालिचा चिंब. दोन सोलापुरी टॉवेल तिथं दाबून पिळले, तरी खालून पाणी येतच होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी एका एसीवाल्याकडे नेली. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन बंदच ठेवून गॅसचा दाब मोजणारा गेज जोडला आणि सरांना बोलावून दाखवलं, “सर, हे बघा, दोन्ही काटे एकाच जागी हायत. हाय साईड वर चढंना. कॉइल लीक हाय, तिचंच पाणी आत पडतंय. डॅशबोर्ड उतरवल्याशिवाय जमणार नाही.” मग मोबाईलवर कुठल्या तरी सडक्या कॉइलचा फोटो दाखवला. दोन दिवस गाडी ठेवून घेतली. हातात आली ती साध्या कागदावरची पावती: कूलिंग कॉइल ५,४००, एक्सपान्शन व्हॉल्व्ह १,४५०, ड्रायर ९५०, गॅस आणि ऑइल १,८००, डॅशबोर्ड उतरवून चढवायची मजुरी ४,५००, वास घालवायला केबिन सॅनिटायझेशन १,२००. जीएसटी नंबर नाही, पार्टचा नंबर नाही, वॉरंटीचा शब्द नाही. जुना पार्ट मागितला तर ‘भंगारात गेला’.

आता त्या गेजबद्दल, कारण सगळी फसवणूक तिथंच उभी राहिली. एसी बंद असताना लो (कमी दाबाची) आणि हाय (जास्त दाबाची) अशा दोन्ही बाजूंचे काटे सारखेच असतात. कॉम्प्रेसर थांबला की थोड्या वेळात दाब समान होतो, यात बिघाड काही नाही. ३५ अंश तापमानाला आर-१३४ए या एसीच्या गॅसच्या सिस्टीममध्ये बंद अवस्थेत दोन्हीकडे साधारण ११५ पीएसआय (दाबाचं एकक) दिसणार. आणि आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल तरी हा आकडा तेवढाच दिसतो. निम्मा गॅस गेलेला असला तरीही. म्हणजे बंद गाडीच्या गेजवरून गॅस पुरेसा आहे की कमी, हे सांगताच येत नाही. खरं रीडिंग घ्यायचं तर इंजिन चालू, एसी चालू, ब्लोअर फुल, दारं उघडी, आणि रेस दीड हजार आरपीएमच्या आसपास धरलेली हवी. तेव्हा लो साईड २५ ते ५० आणि हाय साईड १५० ते २५० पीएसआय, सोलापूरच्या चाळिशीपारच्या उन्हात ३०० पर्यंतही जाते. तुमच्यासमोर कुणी बंद गाडीला गेज लावून निदान सांगत असेल, तर “एसी चालू करून दाखवा” एवढंच म्हणा.

गॅस गळून त्याचं पाणी होतं, हाही शुद्ध बनाव. आर-१३४ए उघड्यावर उणे २६ अंशांनाच उकळतो. बाहेर पडला की तो वायू होऊन निघून जातो, मागे राहिलाच तर कॉम्प्रेसर ऑइलचा तेलकट डाग राहतो. आणि छोट्या गाडीत गॅस असतो किती? साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. पायाखाली आलेलं लिटरभर पाणी गॅसचं असूच शकत नाही. ते केबिनमधल्या हवेतलं पाणी आहे. उन्हाळ्यात माठाला बाहेरून घाम फुटतो ना, तसाच थंडगार कॉइलला घाम फुटतो, ते पाणी कॉइल बसवलेल्या एसी बॉक्सच्या तळाशी जमतं आणि ड्रेन पाईपमधून गाडीखाली ठिबकतं. दमट दिवशी तासाला लिटरभर पाणी सहज निघतं. ही नळी तुंबली की बॉक्स भरतो, पाणी हिंदकळतं आणि फटीतून केबिनमध्ये उतरतं.

पैसे दिल्यावर पंधरा-वीस दिवस पाणी आलं नाही, त्यामुळे सरांना काम चांगलं झालं असंच वाटलं. इथं आपल्या हवेनं त्या एसीवाल्याला साथ दिली. वळीव झाला त्या दिवसांत हवा दमट होती. नंतर पुन्हा कोरडं ऊन तापलं. सोलापुरात मेच्या दुपारी ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी जमू लागतं तो, १० अंशांच्या आसपास असतो. कॉइलवर पाणी जमतं ते अगदी थोडं, थेंब-थेंब. नळी तुंबलेली असली तरी बॉक्स भरत नाही. मृगाचा पाऊस लागला, हवेत ओल आली, आणि दुसऱ्याच दिवशी तोच हिंदकळण्याचा आवाज, तोच ओला गालिचा. एसीवाल्याचं उत्तर तयार होतं, “आता दुसरीकडनं लीक असंल सर, परत उघडून बघावं लागंल.”

यावेळी सरांनी गाडी दुसऱ्या जाणत्या मेकॅनिककडे नेली. त्यानं पाच मिनिटांत ग्लव्ह बॉक्स उतरवला आणि केबिन फिल्टर बाहेर ओढला. फिल्टरच्या घड्यांत कडुनिंबाचा वाळका मोहोर आणि काळ्या मातीची धूळ कोंबून भरलेली. या गाडीत फिल्टर काढला की त्याच्या मागे कॉइल दिसते. तिथं टॉर्च लावून फोन आत घातला आणि फोटो काढला. तो फोटो आम्ही पाहिला आहे. कॉइलच्या पातळ पत्र्यांवर धुळीचा करडा थर वाळवणासारखा चिकटलेला, कडेच्या पत्र्या दुमडलेल्या, तळाशी पांढरट डाग. तीन-चार आठवड्यांपूर्वी बसवलेली नवी कॉइल अशी असूच शकत नाही. ती चकचकीत ॲल्युमिनियमची दिसते. मग डॅशबोर्डचे बोल्ट पाहिले. बोल्ट आणि पत्रा यांच्यावर मिळून कारखान्यात मारलेली पिवळ्या रंगाची रेघ जशीच्या तशी, कुठं तुटलेली नाही. बोल्ट एकदा जरी फिरला असता तरी रेघ तुटली असती. डॅशबोर्ड उतरलाच नव्हता, कॉइल बदललीच नव्हती. गालिचा पुसला, वासाचा स्प्रे मारला, आणि १५,३०० घेतले.

खरा दोष गाडीखाली होता. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतून, डाव्या बाजूला खाली वळलेली रबरी नळी बाहेर येते. तिच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं, चांगलं घट्ट. वापर कमी, गाडी झाडाखाली, उन्हाळ्यात नळी कोरडी; माशीला याहून चांगली जागा नाही. माती कोरून काढल्याबरोबर पाऊण लिटर काळपट, कुबट पाणी खाली ठेवलेल्या ट्रेमध्ये आलं. मजुरी ३०० रुपये, नवा फिल्टर वेगळा.

नळी तुंबायची कारणं आणखीही आहेत. जुन्या गाडीत एसी बॉक्सच्या झडपांवरचा फोम झिजून त्याचा चुरा नळीत उतरतो. फिल्टर न लावता गाडी चालवली तर पाला, केस, धूळ आणि पाणी मिळून आत शेवाळासारखा चिखल होतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे, चादरी-टॉवेलच्या कारखान्यांजवळ गाडी उभी राहत असेल तर सुताचा भुसा फिल्टरवर लवकर बसतो. तिथं फिल्टर वर्षभर टिकेल असं धरू नका. आणि एक कारण लोकांच्या लक्षातच येत नाही: गंज लागू नये म्हणून खालून मारलेलं अंडरकोटिंग. फवारणी करणारा मुलगा नळीचं तोंड झाकायला विसरला की काळा थर त्यावरच बसतो. कोटिंग करून घेतल्यावर पहिल्याच दमट दिवशी पाणी आत आलं, तर आधी तेच बघा.

घरच्या घरी तपासायचं तर पाण्याचा उगम तीनपैकी कुठला हे आधी ठरवा. ते एसीचं, पावसाचं की रेडिएटरचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटचं? ओल्या जागेवर पांढरा टिश्यू पेपर दाबा. स्वच्छ, बिनवासाचं किंवा नुसतं कुबट पाणी असेल तर ते एसीचं किंवा पावसाचं. हिरवट किंवा गुलाबी रंग, बोटाला चिकट, गोडसर वास, काचेवर आतून तेलकट धुकं आणि कूलंटच्या टाकीची पातळी उतरलेली, असं असेल तर केबिन गरम करणारी, कूलंट खेळवणारी हीटर कॉइल गळते आहे. तिथं मात्र गाडी चालवत राहू नका, इंजिन तापेल. कूलंट विषारी असतं, चव घेऊन बघायचा उद्योग कुणीही करू नये.

पाऊस की एसी हे ओळखायला एसी बंद ठेवून गाडी उभी करा आणि वायपरखालच्या जाळीवर पाईपनं पाच-सात मिनिटं पाणी सोडा. आत ओल आली तर जाळीखालचा निचरा पाल्यानं तुंबला आहे, किंवा काचेचं सीलिंग, दाराचं रबर गेलं आहे. सनरूफची गाडी असेल तर तिच्या कोपऱ्यांतल्या नळ्याही बघा. यातलं काहीच झालं नाही, तर गाडी सपाट जागी लावून एसी सगळ्यात गार, ब्लोअर फुल, असा वीस मिनिटं चालवा. दारं बंद, पण गाडी उघड्यावर असू द्या, बंद गॅरेजमध्ये नको. दमट दिवशी खाली डबकं दिसलंच पाहिजे. आत गारवा आहे आणि खाली टिपूसही नाही, म्हणजे नळी तुंबली. मात्र ही परीक्षा मेच्या कोरड्या दुपारी करू नका. तेव्हा नळी साफ असली तरी डबकं होत नाही.

नळी साफ करताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. पक्के स्टँड लावा, नाहीतर रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्या. इंजिन बंद, सायलेन्सर गार. डोळ्यांवर चष्मा लावा आणि नळीच्या बरोबर खाली तोंड आणू नका, कारण पाणी एकदम येतं. आधी बोटानं नळीचं तोंड चिमटून बघा. पुष्कळदा तेवढ्यानंच चिखल सुटतो. नाहीतर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी किंवा लांब केबल टाय हलक्या हातानं, फिरवत आत सारा, चार-पाच इंचांपेक्षा जास्त नाही. सायकलची तार, स्क्रू ड्रायव्हर किंवा लोखंडी सळई अजिबात वापरू नका. आत कॉइल आहे, पत्रा कागदासारखा पातळ आहे, आणि तिथं भोक पडलं की मग खरोखरच डॅशबोर्ड उतरवावा लागतो. हवेचा पाईपही जपून. पंक्चरवाल्याकडची शंभर पीएसआयची हवा खालून मारली तर नळी आतल्या बाजूनं निसटते, किंवा सगळा चिखल उलटा कॉइलवर जातो. हवा द्यायचीच तर २०-२५ पीएसआय, थोडी थोडी. त्याहून चांगलं म्हणजे ओलं ओढणाऱ्या व्हॅक्यूमनं खालून खेचून घेणं. शेवटी फिल्टरच्या जागेतून कॉइलवर पाव लिटर साधं पाणी हळूहळू शिंपडा, ब्लोअरच्या मोटारीवर आणि वायरिंगवर न सांडता. दोन-तीन मिनिटांत ते सगळं खाली आलं पाहिजे.

नळी साफ असूनही आत ओल येते अशा गाड्याही असतात. कुणीतरी आधी डॅशबोर्ड उतरवला असेल तर नळी फायरवॉलच्या भोकात नीट बसवलेली नसते, किंवा एसी बॉक्सचे दोन भाग जोडताना मधलं सीलिंग राहून गेलेलं असतं. फायरवॉलपाशी एक्सपान्शन व्हॉल्व्ह आणि जाड पाईपवर काळी इन्सुलेशन टेप असते. ती निघाली की पाईपलाच बाहेरून घाम येतो आणि थेंब काकूंच्या, नाहीतर तुमच्या पायावर. टेप फार महाग नाही, गुंडाळायला दहा मिनिटं लागतात.

एका बाबतीत मात्र गॅसचा आणि पाण्याचा संबंध असतो आणि तो माहीत असलेला बरा, कारण त्याच्या आडून खोटं खपवता येतं. गॅस कमी असेल, फिल्टर चोंदला असेल किंवा कॉइलजवळचा थर्मिस्टर (तापमान ओळखणारा सेन्सर) बिघडला असेल तर कॉइलवर बर्फ धरतो. लक्षण स्पष्ट असतं: अर्ध्या-पाऊण तासानं जाळीतून येणारी हवा कमी कमी होत जाते, एसी पंधरा मिनिटं बंद ठेवला की परत जोरात येते, आणि मधल्या काळात बर्फ वितळून पाण्याचा लोंढा उतरतो. तुमच्या गाडीत हवेचा जोर शेवटपर्यंत सारखा असेल तर हे कारण नाही. जोर कमी होत असेल तर आधी फिल्टर, मग थर्मिस्टर आणि गॅसचं रीडिंग बघा, आणि गळती खरंच कुठं आहे ते नायट्रोजनचा दाब देऊन किंवा यूव्ही डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) घालून तुमच्यासमोर दाखवायला सांगा. कॉइल गळत असेल तर दाखवता येते. गॅस भरताना वजनकाट्यावर, स्टिकरवरच्या ग्रॅमइतकाच भरून घ्या. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. सिस्टीम बंदिस्त असते, त्यामुळे गळती नसताना दरवर्षी गॅस भरायचं कारण नाही.

डॅशबोर्ड उतरवायचं काम कधीकधी खरंच निघतं. तेव्हा नव्या कॉइलचा खोका आणि त्यावरचा पार्ट नंबर आधी बघा, जुनी कॉइल परत मिळेल हे आधीच बोलून ठेवा, आणि ग्लव्ह बॉक्समागचे बोल्ट, कॉइल, किलोमीटरचा आकडा यांचे फोटो गाडी सोडण्यापूर्वीच काढून ठेवा. एअरबॅगची गाडी असेल तर बॅटरी काढल्याशिवाय डॅशबोर्डला हात लागता कामा नये. काम झाल्यावर एअरबॅगचा दिवा चालू राहिला तर गाडी ताब्यात घेऊ नका.

गालिचा वरून वाळलेला दिसला तरी खाली जाड फेल्ट असतं, ते स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं. सरांच्या गाडीतला कुबट वास सॅनिटायझेशनचे १,२०० देऊनही गेला नाही, तो यामुळे. पुढची सीट काढून गालिचा उचलावा लागतो, फेल्ट पिळून दोन-तीन दिवस उन्हात टाकावं लागतं आणि खालचा पत्रा कोरडा पुसून गंज बघावा लागतो. सीटखालच्या पिवळ्या वायरी एअरबॅगच्या असतात. बॅटरी न काढता त्यांची जोडणी सोडू नका. बऱ्याच गाड्यांत वायरिंगचे जोड त्याच गालिच्याखाली असतात. तिथं हिरवट गंज धरला की पुढं भलतेच बिघाड सुरू होतात, म्हणून पाणी दिसल्यावर आठवडाभर ‘बघू नंतर’ करू नका.

सरांकडे पक्कं बिल नव्हतं, पण पैसे यूपीआयनं दिले होते. त्या व्यवहाराची नोंद, हातानं लिहिलेली पावती, कॉइलचा आणि बोल्टवरच्या रेघेचा फोटो, आणि दुसऱ्या मेकॅनिकनं लिहून दिलेला अर्ध्या पानाचा कागद एवढं जमलं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, मग गॅरेजला लेखी नोटीस रजिस्टर पोस्टानं पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. नोटीस पोचल्यावर एसीवाल्याचा फोन आला आणि कॉइलचे ५,४०० परत देतो, विषय मिटवा म्हणाला. सरांनी ते घेतले नाहीत. कॉइल बदललीच नाही तर डॅशबोर्डाची मजुरी, व्हॉल्व्ह आणि ड्रायरचे पैसे कशाचे घेतले, हे त्यांनी त्याला लेखी विचारलं आहे.